हृदयाचे गणित आणि प्रबंधाचा प्रश्न

हृदयाचे संगणकीय प्रारूप म्हणजे समीकरणांनी बांधलेले हृदय. त्यात एकावर एक थर असतात. सर्वांत खाली एक स्नायुपेशी असते. तिची लांबी साधारण एक दशांश मिलिमीटर, आणि विश्रांतीच्या वेळी ती बाहेरच्यापेक्षा आतून सुमारे ८५ मिलिव्होल्टने ऋण असते. सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियमचे आयन तिच्या पटलातील सूक्ष्म दारांमधून ये-जा करतात, तसा हा विद्युतदाब क्षणात उसळतो, काही काळ वर टिकून राहतो आणि सुमारे पाव सेकंदात पुन्हा खाली येतो. त्यावरच्या थरात ही लाट अब्जावधी पेशींतून पसरते. स्नायुतंतूंच्या दिशेने ती सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास धावते, आडव्या दिशेने त्याहून बरीच सावकाश. डाव्या निलयाच्या भिंतीत हे तंतू आतून बाहेर येईपर्यंत जवळजवळ १२० अंशांनी वळत जातात, त्यामुळे लाटेची वाट सरळ राहत नाही. पुढचा थर बलाचा: विजेमुळे पेशीत सुटलेले कॅल्शियम स्नायूला आकसायला लावते. शेवटचा थर रक्ताचा: त्या आकुंचनाने दाब वाढतो, झडपा उघडतात आणि मिटतात. हे सगळे एकत्र सोडवायचे तर हृदयाच्या जाळीचे घर अर्ध्या मिलिमीटरहून लहान घ्यावे लागते आणि वेळ मिलिसेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या पावलांनी मोजावी लागते.

या क्षेत्राची एक गोष्ट इतर अनेक शास्त्रांपेक्षा वेगळी आहे. त्याचे मुख्य खांब पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी उभे केले. मोठ्या प्रयोगशाळेच्या दीर्घ प्रकल्पातून जे निघेल असे वाटावे, ते येथे तीन-चार वर्षांच्या प्रबंधांतून निघाले. त्यामुळे हृदयाच्या प्रारूपांवर डॉक्टरेट करण्याची संधी म्हणजे काय, याचे उत्तर जागांच्या जाहिरातींपेक्षा या जुन्या प्रबंधांत अधिक नेमके सापडते.

डेनिस नोबल यांचे उदाहरण सर्वांत बोलके. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून विद्युत आवेगाची समीकरणे मांडली होती. ती हक्स्ली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली, आणि १९६३ मध्ये या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु चेतातंतूतील आवेग एक-दोन मिलिसेकंदांत संपतो. हृदयाच्या पेशीत तो शंभर-दोनशे पटीने लांबतो. हे कशाने होते, हा प्रश्न युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये ऑटो हटर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या तरुण नोबल यांनी घेतला. दिवसा ते हृदयात विद्युत आवेग वाहून नेणाऱ्या पर्किंजे तंतूंवर प्रयोग करत. लंडन विद्यापीठाच्या फेरांटी मर्क्युरी या संगणकावर त्यांना पहाटे दोन ते चारची वेळ मिळाली होती. गणित त्यांना आधी पुरेसे येत नव्हते. ते त्यांनी शिकून घेतले. पेशी उत्तेजित झाल्यावर पोटॅशियमचा एक प्रवाह वाढण्याऐवजी घटतो, हे प्रयोगात दिसले होते. ती गोष्ट समीकरणांत घातल्यावर आवेग आपोआप लांबला. १९६० मध्ये हे काम ‘नेचर’मध्ये आले, तेव्हा नोबल चोवीस वर्षांचेही नव्हते. हृदयाच्या पेशीचे पहिले प्रारूप ते हेच.

झडपांचा प्रश्न वेगळ्या वळणाने सुटला. झडपेची पाकळी पातळ आणि लवचीक असते. रक्त तिला हलवते आणि तिच्या हालचालीने रक्ताचा प्रवाह बदलतो. त्या काळच्या पद्धतींत जाळी पाकळीच्या कडेला चिकटवून ठेवावी लागे, आणि पाकळी हलली की जाळी मोडे. चार्ल्स पेस्किन यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये १९७२ च्या प्रबंधात जाळी स्थिर ठेवली, पाकळी तिच्यात बुडवली आणि पाकळीचे बल आजूबाजूच्या द्रवावर वाटून टाकले. ‘बुडालेल्या सीमे’ची ही पद्धत आज माशांच्या पोहण्यापासून रक्तपेशींच्या प्रवाहापर्यंत कुठेही वापरली जाते. एका झडपेसाठी काढलेली युक्ती गणिताच्या एका शाखेचे साधन झाली. पेस्किन वैद्यकीय महाविद्यालयात राहून हे गणित करत होते, याला महत्त्व आहे.

एमआयटीमध्ये लेस्ली टंग यांनी १९७८ च्या प्रबंधात हृदयाच्या ऊतीकडे एकमेकींत मिसळलेल्या दोन माध्यमांसारखे पाहिले: एक पेशींच्या आतले, एक बाहेरचे. पुढे या कल्पनेतून एक अनपेक्षित भाकीत निघाले. तंतूंच्या लांबीच्या आणि आडव्या दिशेतील विद्युतवहनाचे गुणोत्तर आत आणि बाहेर वेगळे असते, म्हणून ऊतीला एका बिंदूवर विजेचा झटका दिला तर लगतच्या काही भागांत उलट परिणाम व्हायला हवा, असे १९८९ मध्ये गणिताने सांगितले. १९९० च्या दशकात विद्युतदाबानुसार चमक बदलणारे रंग वापरून केलेल्या प्रयोगांत नेमके तेच दिसले. बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला दिलेला शॉक त्याची लय परत कशी आणतो, हे समजण्याचा मार्ग त्यातून उघडला. डॉक्टर अनेक दशके तो शॉक देत होते. तो काम का करतो, याचे उत्तर बऱ्याच उशिरा मिळाले.

याच मालिकेत पीटर हंटर यांचा ऑक्सफर्डमधील हृदयस्नायूच्या बलगणितावरचा प्रबंध येतो. त्यांनी पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड हे या विषयाचे केंद्र बनवले. उट्रेख्टच्या कर्स्टन टेन टुशर यांनी डॉक्टरेटच्या काळात २००४ मध्ये मांडलेले मानवी निलयपेशीचे प्रारूप जगभर आजही वापरात आहे.

या सगळ्यांत सामाईक काय आहे? कोणीही सबंध हृदय सोडवायला घेतले नाही. प्रत्येकाने हृदयातील एक अडचण घेतली. प्रत्येकाच्या हाताशी प्रयोगाचा किंवा रुग्णालयाचा असा शेजार होता, जो प्रारूप चुकीचे ठरवू शकत होता. तो शेजार किती मोलाचा असतो, हे नोबल यांच्याच पुढच्या कामात दिसते. त्याच प्रारूपाच्या १९६२ मधील सविस्तर समीकरणांत कॅल्शियमचा प्रवाह नव्हता, कारण तो सिद्धच झाला नव्हता. आवेग लांबवण्याचे काम त्यांनी सोडियमकडे सोपवले होते. पर्किंजे तंतूच्या पुढील प्रारूपात हृदयाची स्वतःची लय ज्या पोटॅशियम प्रवाहावर बेतली होती, तोही इटालियन शास्त्रज्ञ डारिओ डिफ्रान्चेस्को यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोडून काढला. तो प्रवाह पोटॅशियम बाहेर जाण्याचा नव्हता. मुख्यतः सोडियम आत येण्याचा होता. नोबल यांनी चूक मान्य केली आणि दोघांनी मिळून १९८५ मध्ये नवे प्रारूप मांडले. हृदयाची गती कमी करणारे आयव्हाब्रॅडीन हे औषध याच प्रवाहाला अडवते. प्रारूप नेमके असल्यामुळेच ते नेमके कुठे चुकले हे दाखवता आले. संदिग्ध शब्दांतल्या सिद्धान्ताला ही सोय नसते.

आता या विद्येचा उपयोग दवाखान्यापर्यंत पोहोचला आहे, आणि संधी वाढण्याचे खरे कारण तेच आहे. औषधांचे उदाहरण घ्यावे. ॲलर्जीवरचे टर्फेनाडीन आणि पोटाच्या तक्रारींवरचे सिसाप्राइड ही औषधे हृदयाच्या एका पोटॅशियम दारात अडकून जीवघेणी लय निर्माण करू शकतात, हे लक्षात आल्यावर अनेक देशांत ती बाजारातून काढावी लागली. त्यानंतर ते दार अडवणारे प्रत्येक नवे औषध संशयित ठरू लागले. पण व्हेरापामिलही ते दार अडवते आणि तरी त्या बाबतीत सुरक्षित आहे, कारण ते कॅल्शियमचे दारही अडवते आणि दोन परिणाम एकमेकांना तोलतात. हा तोल बोटांवर मोजून सांगता येत नाही. समीकरणे सोडवावी लागतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘सीपा’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने म्हणूनच मानवी पेशीच्या प्रारूपाला औषधतपासणीत जागा दिली. ऑक्सफर्डच्या गटाने २०१७ मध्ये ६२ औषधे संगणकातील मानवी पेशींच्या समूहावर तपासली. धोक्याचे भाकीत ८९ टक्के अचूक आले, तर सशावरील प्रयोगांची अचूकता ७५ टक्के होती. प्राण्यांवरचे प्रयोग कमी करण्याच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद क्वचित सापडेल.

रक्तप्रवाहाच्या बाजूला चार्ल्स टेलर यांचा स्टॅनफर्डमधील प्रबंध १९९६ चा. त्या धाग्यातूनच हार्टफ्लो ही कंपनी उभी राहिली. सीटी स्कॅनवरून हृदयाच्या धमन्यांचा आकार घ्यायचा आणि अरुंद जागेपलीकडे दाब किती घसरतो हे गणिताने काढायचे, ही तिची पद्धत. एरवी त्यासाठी धमनीत तार घालावी लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये तिला मान्यता दिली. जॉन्स हॉपकिन्समध्ये नतालिया ट्रायानोव्हा यांच्या गटाने २०१६ मध्ये ४१ रुग्णांची हृदये एमआरआयवरून संगणकात उभी केली. या सर्वांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि हृदयाचे पंपिंग ३५ टक्क्यांहून कमी होते. व्रणाभोवती घातक लय उद्भवते का, याची चाचणी प्रारूपावर घेतली गेली. कोणाला शॉक देणारे यंत्र खरोखर लागेल, हे त्यातून प्रचलित निकषांपेक्षा चांगले कळले. रुग्ण थोडे होते आणि अभ्यास मागे वळून पाहणारा होता. तरीही दिशा स्पष्ट झाली.

या यशाने एक मोह मात्र निर्माण केला आहे. ‘डिजिटल ट्विन’, म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या हृदयाचे संगणकातील जुळे भावंड, हा शब्द आज बहुतेक प्रकल्पांच्या मथळ्यात असतो. ध्येय म्हणून ते योग्यच आहे. प्रबंधाचा विषय म्हणून ते धोक्याचे आहे. पूर्ण हृदयाच्या प्रारूपात शेकडो प्राचले असतात. रुग्णाकडून मात्र एक ईसीजी, एक स्कॅन आणि दंडावरचा रक्तदाब एवढेच मिळते. प्राचलांचे वेगवेगळे संच घेऊनही तोच ईसीजी, तोच आवेग काढता येतो. म्हणजे प्रारूप रुग्णाशी जुळले, यावरून ते रुग्णाचेच आहे असे ठरत नाही. आज जुळलेले प्रारूप उद्या औषध दिल्यावर किंवा झडप बदलल्यावर वेगळीच वाट धरू शकते. चार वर्षे जाळ्या बांधण्यात आणि चार सॉफ्टवेअर जोडण्यात गेलेला विद्यार्थी शेवटी सुंदर चलच्चित्र दाखवतो. त्यातली कोणती गोष्ट आधी माहीत नव्हती, हे सांगणे त्याला जड जाते.

म्हणून आज संशोधनाची सुपीक जमीन प्रारूपाच्या आकारात नाही, त्याच्या विश्वासार्हतेत आहे. प्राचलांतील अनिश्चितता उत्तरापर्यंत किती पोहोचते? कोणते एक जादा मोजमाप घेतले तर ती सर्वांत कमी होईल? एकाच पेशीऐवजी हजारो किंचित भिन्न पेशींचा समूह घेण्याची रीत या प्रश्नांतूनच आली. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने २०१८ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या प्रारूपांसाठी मानक काढले आणि औषध प्रशासनाने २०२३ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा गाभा असा की निर्णय जितका जोखमीचा, तितका पुरावा कडक हवा. यंत्रशिक्षणाचे उपयोगही येथे आहेत. तासन्‌तास चालणाऱ्या समीकरणांची जागा शिकलेल्या जलद प्रतिरूपाने घेतली, तर हजारो शक्यता एका दुपारभरात तपासता येतात. पण ते प्रतिरूप समीकरणांकडूनच शिकते; समीकरण चुकले तर तेही चुकते.

दुसरी मोठी पोकळी कोणाच्या हृदयाची माहिती वापरली जाते यात आहे. औषधांमुळे उद्भवणारी ती जीवघेणी लय स्त्रियांमध्ये अधिक आढळते. तरीही बहुतेक प्रारूपांतली पेशी स्त्रीची की पुरुषाची, हे सांगितलेले नसते. २०११ चे ओहारा आणि रुडी यांचे प्रारूप शंभराहून अधिक निरोगी मानवी हृदयांच्या नमुन्यांवर उभे आहे, आणि ती हृदये युरोपातली होती. ब्रिटनच्या बायोबँकेत पाच लाख लोकांची माहिती आहे. त्यात दक्षिण आशियाई वंशाचे लोक फार थोडे. ही उणीव भरून काढणे हे न्यायाचे काम आहे, आणि शास्त्राचेही.

जागांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. युरोपात मेरी क्युरी कृतींखालील डॉक्टरेट नेटवर्क हा सर्वांत उघडा दरवाजा. त्यात विद्यार्थ्याला नोकरीचा करार मिळतो, राष्ट्रीयत्वाची अट नसते, आणि नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेले नसावे एवढा नियम असतो. हा नियम भारतातून अर्ज करणाऱ्याच्या बाजूचाच आहे. अलिंदांच्या अनियमित लयीवरचे ‘पर्सनलाइझ-एएफ’ हे अशा नेटवर्कपैकी एक होते. नॉर्वेतील सिमुला, ऑस्ट्रियातील ग्राझ, जर्मनीतील कार्लस्रूहे, बोर्डोची लिरिक संस्था, मिलानचे तंत्रविद्यापीठ आणि लंडनमधील किंग्ज व इम्पीरियल ही नावे या विषयात वारंवार येतात. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी सरकारी निधीतल्या जागा मर्यादित असतात. न्यूझीलंडमध्ये पीएच.डी.च्या परदेशी विद्यार्थ्याला स्थानिकांइतकीच फी पडते, ही ऑकलंडचा विचार करणाऱ्यांना उपयोगी गोष्ट. अर्ज करण्यापूर्वी तेथील साधने हाताळून पाहता येतात: ओपनकार्प आणि चेस्ट ही सॉफ्टवेअरे मोफत आहेत, आणि सेलएमएलच्या भांडारात नोबल यांच्या १९६२ च्या समीकरणांसह शेकडो प्रारूपे खुली आहेत. एखादे जुने प्रारूप स्वतः चालवून त्याची आकृती पुन्हा काढणे, ही या विषयाची सर्वांत चांगली पूर्वतयारी. अभियंत्याला त्यातून शरीरशास्त्र शिकावे लागते आणि डॉक्टरला अवकल समीकरणे. जाहिरात वाचताना मार्गदर्शकाचे नाव आणि विद्यावेतन पाहिले जातेच. सहमार्गदर्शक म्हणून हृदयरोगतज्ज्ञ किंवा प्रयोग करणारा शास्त्रज्ञ आहे का, आणि रुग्णांची माहिती वापरण्याची परवानगी आधीच मिळालेली आहे का, हे त्याहून आधी विचारायला हवे. परवानगी नंतर मिळेल या भरवशावर सुरू झालेल्या प्रबंधाची पहिली दोन वर्षे कागदपत्रांत जातात.

भारतात या विषयाची परंपरा आहे, पण ती मुख्यतः भौतिकशास्त्राची. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहुल पंडित यांच्या गटाने हृदयऊतीतील विजेच्या सर्पिल लाटांवर दीर्घ काम केले. सीताभ्र सिन्हा, अश्विन पांडे आणि पंडित यांनी २००१ मध्ये दाखवले की जाळीसारख्या रचनेतून दिलेल्या क्षीण विद्युतस्पंदांनी या लाटांचा गोंधळ संपवता येईल. त्या गटातून अनेक प्रबंध निघाले. पैशांची स्थितीही पूर्वीपेक्षा बरी: कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये झाली, आणि पंतप्रधान संशोधन पाठ्यवृत्तीत ७० ते ८० हजार मिळू शकतात. संगणनशक्तीची अडचणही पहिल्यासारखी राहिलेली नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला होता. आज पुण्याच्याच आयसरमध्ये परम ब्रह्म आहे.

अडचण रुग्णालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यातील अंतराची आहे. रुग्णाची इको तपासणी, ईसीजी आणि अँजिओग्राफीची सीडी रुग्णाच्याच घरी, प्लास्टिकच्या पिशवीतल्या फाइलमध्ये राहते. रुग्णालयाकडे ती एका जागी, वापरता येईल अशा रूपात क्वचितच असते. याला एक सन्माननीय अपवाद तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा, जिथे रुग्णालय आणि तंत्रविभाग एकाच संस्थेचे अवयव आहेत. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथे कृत्रिम झडप घडली. आधीची अनेक रूपे अपयशी ठरल्यावर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. शल्यविशारद आणि अभियंते एका आवारात असल्यामुळे प्रत्येक अपयशाचे कारण शोधता आले.

अशा जोडीला साजेसा, आणि परदेशातील केंद्रे सहसा हाती न घेणारा प्रश्न भारतात आहे: संधिवाती तापाने आकसलेली मिट्रल झडप. श्रीमंत देशांत हा आजार जवळजवळ नाहीसा झाला, म्हणून त्याची प्रारूपेही फारशी झाली नाहीत. भारतात तो अजूनही तरुण मुलींना, बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांना गाठतो. उपचार बहुधा फुग्याचा: नळीवाटे फुगा झडपेत नेऊन फुगवला की चिकटलेल्या कडा सुटतात. पण कधी कडांऐवजी पाकळीच फाटते, झडप गळू लागते आणि तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. कोणाची झडप फुग्याला योग्य, हे १९८८ पासून विल्किन्स गुणांकावर ठरते. पाकळीची हालचाल, जाडी, कॅल्शियमचे थर आणि खालच्या दोरांची स्थिती यांना इको पाहणारा डॉक्टर प्रत्येकी एक ते चार गुण देतो. बेरीज आठ किंवा कमी असली तर फुगा सहसा यशस्वी होतो. बेरीज मात्र जाड भाग नेमका कुठे आहे हे सांगत नाही. चिकटलेल्या दोन कडांपैकी एक कठीण आणि एक मऊ असेल तर ताण कुठे साठेल, हे बलगणिताला सांगता येते, आणि त्यासाठी महागडा एमआरआय लागत नाही. त्रिमितीय इको पुरते. भाकिताची परीक्षाही लांब नसते. फुगा फुगवल्यानंतर काही मिनिटांतच, त्याच टेबलावर, कड सुटली की पाकळी फाटली हे इकोच्या पडद्यावर दिसते.